रात्रपाळीचा नवरा

माझी आणि माझ्या नवऱ्याची खरी भेट झाली ती लग्नाला दोन वर्षं होऊन गेल्यावर, परदेशी नागरिकांच्या कचेरीत, आणि तेव्हा तो झोपलेला होता.

झोपलेला म्हणजे अगदी ढाराढूर. डोकं भिंतीला टेकलेलं, तोंड किंचित उघडं, मांडीवर ते कामावरचं, कोल्ड स्टोरेजमधलं जाडजूड जाकीट आणि बोटांत नंबराची चिठ्ठी. आजूबाजूला खच्चून माणसं भरलेली. कुणाचं मूल रडतंय, कुणी फोनवर आपल्या भाषेत भांडतंय, वरच्या फलकावर आकडे टिंगटिंग करत बदलतायत… आणि हा आपला स्वर्गात.

मी नुकतीच एका खिडकीवरून मागे वळले होते. खरं तर त्या वेळी मी लॅबमध्ये असायला हवं होतं. सकाळी दारात आमची गाठ पडली, तो कामावरून आत येत होता आणि मी बाहेर पडत होते. मी म्हटलं, "आज काम फार आहे, उशीर होईल." तो म्हणाला, "माझ्यात जीवच नाही, सरळ झोपतो." दोघंही धादांत खोटं बोललो होतो.

पहिला विचार आला तो मागच्या मागे पळून जायचा. पण पाय हलेनात. कारण घरी तो डोक्यावरून पांघरूण घेऊनच झोपायचा; उजेडात त्याचा झोपलेला चेहरा मी पहिल्यांदाच इतक्या जवळून आणि इतक्या सवडीने बघत होते. याच्या पापण्या एवढ्या लांब आहेत हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! हनुवटीवर दाढी करताना कापल्याची बारीक खूण होती. कानाच्या पाळ्या लाल — रात्रभर त्या गारठ्यात उभं राहून त्या कायमच्याच लाल झाल्या होत्या.

तेवढ्यात फलकावर त्याचा आकडा लागला. चिठ्ठी मी वाकून वाचली होती, म्हणून कळलं. आता आली का पंचाईत! उठवावं तर मी सापडणार, न उठवावं तर याचा नंबर जाणार. त्या कचेरीत एकदा रांग लावलेला माणूस वैऱ्यावरसुद्धा दुसऱ्यांदा तशी पाळी आणणार नाही, आणि हा तर काय, नात्यातला.

"अहो, रात्रपाळी…" मी त्याच्या खांद्याला बोट लावलं, "नंबर आला तुमचा."

त्याने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं आणि तो हसला. इतकं मोकळं, इतकं आनंदाने की मीही हसले. मग त्याच्या नजरेस कचेरी पडली आणि हसू जागच्या जागी थिजलं.

"तू… इथे?"

"तूच इथे कसा?"

"मी आधी विचारलं."

"आणि तुझा नंबर जाईल. आधी पळ!"

तो पळाला, जाकीट माझ्या हातात टाकून. मी ते धरून बसले. त्याला मशीनच्या तेलाचा आणि बर्फाचा वास येत होता. घरात रोज येणारा वास, पण आज त्याने जरा कसंतरीच झालं.

*

आमच्या संसाराची रीत आधी सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल की हे कसलं नवरा-बायको.

लग्न ठरवून झालं. महिनाभरात तो पुढे निघून आला, इथल्या एका मोठ्या शीतगृहात मशीन दुरुस्त करण्याच्या नोकरीवर. माझे कागद व्हायला वर्ष गेलं. मी आले तेव्हा त्याला रात्रपाळी लागलेली होती, ती पुढे कायमचीच झाली. माझा इथे राहायचा परवाना त्याची बायको म्हणून मिळालेला. पहिलं वर्ष मला नोकरी करायची परवानगी नव्हती. ती मिळाली तशी मी एका डेंटल लॅबमध्ये लागले. कवळ्या, दातांवरच्या टोप्या, खोटे दात — मेणात घडवायचे, रंग जुळवायचे, घासून गुळगुळीत करायचे. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण दात घडवून माझं मन भरायला लागलं होतं.

तर मी दिवसाची, तो रात्रीचा. खोली एक, पलंग एक. मी उठायचे आणि तो झोपायचा, तो उठायचा आणि थोड्या वेळाने मी पडायचे. आमचं अंथरूण कधी गार पडायचं नाही. पण त्यात आम्ही दोघं एकत्र कधी नसायचोच. सुट्ट्यासुद्धा वेगवेगळ्या दिवशी. भांडायलाही सवड नव्हती, मग प्रेम कुठलं करता! मनातल्या मनात मी त्याला रात्रपाळी म्हणायचे. त्या दिवशी ते तोंडातून निसटलं.

आणि मी त्या कचेरीत का गेले? तर सासूबाईंचा फोन आला होता.

"काय गं, याची म्हणे दुसऱ्या देशात बदली होतेय? मला म्हणाला, तिला इतक्यात सांगू नकोस. म्हणून म्हटलं, तुलाच विचारावं."

धन्य त्या माउलीची! मी कान देऊन सगळं ऐकलं. कंपनी इथलं गोदाम आवरतं घेणार होती आणि तिसऱ्याच एका देशात नवं उभारणार होती. जे येतील त्यांना बढती, जे येणार नाहीत त्यांना नारळ. मी म्हटलं, "मला नाही बाई काही माहीत," आणि रात्रभर त्या ऊबदार पलंगावर टक्क जागी राहिले.

खिडकीवरच्या माणसाने मला जे सांगितलं ते असं : तुमचा परवाना नवऱ्याच्या परवान्याला बांधलेला आहे. तो दुसऱ्या देशात कामाला गेला की सहा महिन्यांनी त्याचा इथला परवाना संपणार, आणि त्याच दिवशी तुमचाही. त्याने बदली नाकारली आणि नोकरी गेली, तर त्याहून लवकर.

"आणि मी त्याच्याबरोबर गेले तर?"

"तिकडचं तिकडे विचारा, बाई."

तिकडचं मला माहीत होतं, मी आधीच शोधून काढलं होतं. तिकडे बायकोला नेता येतं. राहता येतं, खाता येतं, झोपता येतं. काम मात्र करता येत नाही. लॅबच्या कामासाठी मी देणार होते ती इथली दातांची परीक्षा अजून व्हायची होती, आणि तिकडे ती कुणी विचारतही नव्हतं. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा एका अनोळखी खोलीत बसून खिडकीतून रस्त्याकडे बघत राहायचं. विचारानेच मला दमल्यासारखं झालं.

*

तो खिडकीवरून परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"काय काम होतं?" मी विचारलं.

"ते… पत्त्यात एक अक्षर चुकलंय. तुझं?"

"माझं… फोटो जुना झालाय म्हणाले."

"चांगला आहे की फोटो."

"तू कधी बघितलास?"

"रोज बघतो. झोपायच्या आधी. तुझं परवान्याचं जुनं कार्ड आरशापाशी असतं ना." तो जाकीट घेत म्हणाला, "प्रत्यक्ष तर तू कुठे भेटतेस!"

इतक्या साधेपणाने बोलला की मी उगाच पर्समधले कागद नीट करत राहिले. एरवी माझी जीभ टाळ्याला लागत नाही. आणि चोराच्या मनात चांदणं, त्यामुळे खोदून खोदून दोघांनीही काही विचारलं नाही.

बाहेर बारीक पाऊस भुरभुरत होता. मला अर्धा दिवस रजा, त्याची झोप तर गेलीच होती. आम्ही एका बंद दुकानाच्या छपराखाली उभे राहिलो. त्याने कोपऱ्यावरून कागदी पेल्यात चहा आणला, एकच. दुसऱ्या पेल्याचे पैसे मशीनने गिळले म्हणाला.

"अर्धा तुझा," त्याने पेला पुढे केला.

"आधी तू पी, तू रात्रभर जागा आहेस."

"तू पी. मला तू कुठून पितेस ते बघायचंय."

"म्हणजे?"

"म्हणजे तिथूनच पिईन."

मी लाजले! लग्न होऊन दोन वर्षं झालेली बाई भर रस्त्यात नवऱ्यासमोर लाजली, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. वर तो म्हणाला, "तुझ्या गालाला पांढरं काय लागलंय?" आणि अंगठ्याने पुसलं. लॅबमधलं, दातांच्या साच्यांचं प्लॅस्टर होतं. काल संध्याकाळपासून ते तिथेच असणार, आणि बघायला घरात कुणी जागं नव्हतं.

त्या दिवसानंतर एक नवीच सवय लागली. मी लॅबमधून सुटायचे त्याच सुमाराला तो कामावर निघायचा. मधे एका बसथांब्यावर आमचे रस्ते एकमेकांना मिळत. आतापर्यंत आम्ही वेगवेगळ्या बस पकडत होतो. आता तो लवकर उठून तिथे येऊन बसायला लागला. एक बस सोडायची, मग दुसरी सोडायची, तिसरी आली की त्याला उठावंच लागायचं. लग्नाच्या नवऱ्याला चोरून भेटल्यासारखं वाटायचं, आणि त्यात मजा होती.

"आज किती दात केलेस?"

"एक पूर्ण कवळी. म्हातारबुवांना तरणेताठे दात हवेत, पांढरेशुभ्र. मी म्हटलं, आजोबा, कुणाला दाखवायचेत?"

"मग?"

"म्हणाले, आजीला. तिला अजून मी बावळट वाटतो."

तो हसायचा. हसताना त्याचे खालचे दोन दात एकमेकांवर चढलेले दिसायचे. माझ्या धंद्याच्या नजरेला ते खुपायला हवे होते, पण ते दिसावेत म्हणून मी विनोद शोधून ठेवायला लागले.

डोळे त्याचे कायम तारवटलेले, माझे खांदे कायम भरून आलेले. कधी कधी नुसते एकमेकांना टेकून बसायचो. तेवढ्याने बरं वाटायचं. आणि बदलीबद्दल… एक अक्षर नाही. तो आज बोलेल, उद्या बोलेल म्हणून मी थांबले होते. हे सुख मोडायची मला भीती वाटत होती, हे खरं.

*

मग बोलावणं आलं. दोघांनीही हजर व्हा, वेगवेगळी मुलाखत होईल.

"पत्त्यातल्या अक्षरासाठी?" मी त्याला विचारलं.

"आणि तुझ्या फोटोसाठी?" तो म्हणाला. पण दोघांचंही तोंड सुकलं होतं.

चष्म्यावरून बघणाऱ्या एक अधिकारी बाई होत्या. आधी त्यांनी मला एकटीला आत घेतलं.

"तुमचे पती चहात साखर किती घेतात?"

"ते… ते चहा घेतात तेव्हा मी कामावर असते."

"रात्रीचं जेवण एकत्र घेता?"

"माझं रात्रीचं जेवण ती त्याची न्याहारी असते. पण तो तोवर निघून गेलेला असतो."

बाईंनी काहीतरी लिहिलं. "पलंगाच्या कुठल्या बाजूला झोपता?"

"मधोमध."

"आणि ते?"

मी विचार केला. रोज संध्याकाळी मी पडायचे तेव्हा ऊब कुठे असायची? "तोही मधोमधच," मी म्हटलं, आणि हे काही ठीक नाही झालं असं लगेच कळलं.

मग त्याला आत घेतलं, आणि मग दोघांना एकत्र. टेबलापुढे आम्ही वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे बसलो.

"तुम्ही दोघंही मधोमध झोपता," बाई म्हणाल्या. "मग दुसरा कुठे झोपतो?"

"दुसरा कामावर असतो, मॅडम," तो म्हणाला. "पलंग एकच आहे, पाळ्या दोन आहेत."

एखादी हसली असती. या हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला. त्याही दमलेल्याच होत्या. दिवसभर लोकांची लग्नं तपासायची म्हणजे काय गंमत आहे!

"हे बघा," त्या म्हणाल्या, "एकाच दिवशी, एकाच सकाळी, तुम्ही दोघं वेगवेगळे इथे आलात. वेगवेगळ्या खिडक्यांवर गेलात. यांनी विचारलं, नवरा परदेशी गेला तर माझ्या परवान्याचं काय? आणि तुम्ही विचारलंत, आम्ही विभक्त झालो तर तिला एकटीला इथे राहता येईल का? आता आम्ही काय समजायचं?"

विभक्त. म्हणजे हा त्या दिवशी माझ्याकडे बघून हसला, उठून गेला आणि खिडकीवर जाऊन घटस्फोटाची चौकशी करून आला? आणि वर माझ्याच पेल्यातून चहा प्यायला! मी त्याच्याकडे वळून बघितलं. तो टेबलाकडे बघत होता.

"नियम साधा आहे," बाई सांगत होत्या. "विभक्त असाल तर यांचा इथे राहण्याचा स्वतंत्र विचार होईल, यांची नोकरी आहे, बहुतेक मिळेलही. एकत्र असाल तर यांचा परवाना तुमच्याबरोबरच राहील आणि तुमच्याबरोबरच संपेल. तेव्हा आत्ता मला सांगा, एकत्र आहात की नाही?"

त्याने टेबलावरची नजर उचलली आणि माझ्या खरखरीत बोटांकडे बघितलं. मी त्याला पुरती ओळखत नव्हते, साखर किती घेतो तेही मला ठाऊक नव्हतं, पण त्या क्षणी तो काय बोलणार आहे ते मला लख्ख कळलं. तो "नाही" म्हणणार होता. माझ्यासाठी.

"एकत्र," मी म्हटलं. जरा मोठ्यानेच म्हटलं. "एकत्र आहोत. लिहा."

*

कचेरीच्या पायऱ्यांवर मी बसले. तो दोन पायऱ्या खाली उभा राहिला.

"काय केलंस हे?" तो म्हणाला. "सुटली असतीस."

"कुणापासून?"

"तसं नव्हे गं… तुझी परीक्षा, तुझी लॅब… सगळं माझ्या बदलीपायी जाणार. त्या दिवशी खिडकीवाल्याला मी सगळं विचारून बघितलं. परवाना तिच्या एकटीच्या नावावर करता येईल का, मुदत वाढेल का. तो म्हणाला, विभक्त झालात तरच. म्हणून मग तेही विचारलं. नुसतं कागदावर…"

"कागदावर!" माझा आवाज चढला. "मला विचारलंस? आईंना सांगितलंस, खिडकीवाल्याला सांगितलंस, आता त्या चष्मेवाल्या बाईंनाही कळलं. राहिलं कोण? मी! आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला!"

"तूही कुठे मला विचारलंस?"

हे मात्र बिनतोड होतं. मी नाक ओढलं.

पायऱ्यांवरून लोक येत-जात होते. कुणी आमच्याकडे बघत नव्हतं, तिथे रडणारी माणसं रोजचीच असणार. तो येऊन माझ्या शेजारी बसला. मग मी मनात कितीतरी दिवस घोळवत होते ते बोलले.

"तू जा," मी म्हटलं. "बदली घे. तू गेलास तरी सहा महिने आपले दोघांचे परवाने जिवंत आहेत. तेवढ्यात माझी परीक्षा होते. लॅबच्या मालकीणबाई म्हणाल्यात, पास झालीस तर तुझ्यासाठी मी स्वतः अर्ज करते. मग मला माझा परवाना मिळेल. माझा. तुझा संपला तर संपू दे."

"आणि मी?"

"तू परत ये. माझ्या नावावर. माझा नवरा म्हणून."

तो माझ्याकडे बघत राहिला. "म्हणजे घरजावई?"

"घर कुठे आहे? खोली आहे. खोलीजावई म्हण."

तो हसला नाही. "सहा महिन्यांत सोडून आलो तर कंपनी पुन्हा दारात उभी करणार नाही. बढती गेलीच. आणि इथे येऊन मला लगेच काम करता येणार नाही. आई काय म्हणेल, बायकोच्या जिवावर बसलाय…"

"मीही बसलेच होते की तुझ्या जिवावर. वर्षभर."

"तेव्हा… तू काय करायचीस गं दिवसभर?"

दोन वर्षांत हा प्रश्न त्याने पहिल्यांदा विचारला. मला राग यायला हवा होता, पण डोळेच भरून आले.

"तू झोपलेला असायचास. मी आवाज न करता भांडी घासायला शिकले. नळ बारीक सोडायचा, ताटाला ताट लागू द्यायचं नाही. मग खिडकीत बसायचे. खालून जाणाऱ्यांत कुणी ओळखीचं दिसतंय का बघायचे. इथे कुठलं दिसायला ओळखीचं!"

"कधी बोलली नाहीस."

"तू जागा कधी होतास?"

त्याच्या लाल कानांना वारा लागत होता. मग त्याने माझा हात घेतला, प्लॅस्टरने खरखरीत झालेला, आणि आपल्या दोन्ही हातांत धरला.

"त्या दिवशी तू मला उठवलंस ना," तो अडखळत म्हणाला, "मला कुणी माणसाने उठवून किती दिवस झाले होते… रोज घड्याळच उठवतं. डोळे उघडले तर तू. मला वाटलं, मी घरी आहे. आपल्या घरी. आणि दोन मिनिटांनी खिडकीवर जाऊन मी ते… विभक्त वगैरे विचारत होतो. शब्द फुटत नव्हता. मला तू हवी आहेस गं. मग मी तुझ्या नावावर आलो काय आणि तू माझ्या…"

"म्हणजे येशील?"

"परीक्षेत नापास झालीस तर?"

"तर दोघंही बाहेर. मग बसू कुठेतरी, भीक मागू."

"तू नाही नापास होणार," तो म्हणाला. "पण मी तिकडे असताना थोडं झोपत जा."

*

तो गेला. पलंग आता गार असायचा. पहिले कित्येक दिवस मला त्यात झोप येईना, मग मी खाली चटई टाकून झोपायला लागले. अभ्यासाने नाकी नऊ आले. तिकडून तो फोन करायचा तेव्हा एकजण पेंगत असायचा, बहुतेक मीच. कधी तो नुसता म्हणायचा, "बोलू नकोस, फोन ठेव उशाशी," आणि पलीकडून मशिनांची घरघर ऐकू येत राहायची. सासूबाईंना त्याने सगळं स्वतः सांगितलं. त्या मला म्हणाल्या, "त्याला पोसशील ना नीट? खादाड आहे." मी म्हटलं, "आई, बघितलंय मी." खरं तर त्याला जेवताना मी फारसं बघितलंच नव्हतं.

परीक्षेत शेवटी एक दाढ घडवायची होती. माझ्या हाताला इतका घाम सुटला की मेण घसरत होतं. पण जमलं. मालकीणबाईंनी शब्द पाळला, अर्ज गेला, चौकश्या झाल्या, कागद परत आले, पुन्हा गेले. त्याची मुदत संपत आली तेव्हा कुठे गंगेत घोडं न्हालं आणि माझ्या हातात माझं कार्ड पडलं. त्यावर कुणाची बायको असा शब्द नव्हता. मी ते उलटसुलट करून बघितलं. आता इथे राहायला मला नवऱ्याची गरज नव्हती. तरी त्या दिवशी जितकी त्याची आठवण आली, तितकी आधी कधीच आली नव्हती.

तो परत आला तो वाळून. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं. दुसऱ्याच दिवशी कचेरीत आमची पाळी होती. खिडकीवर एक तरुण होता, नवीनच असावा, सगळं मोठ्याने विचारत होता.

"मुख्य अर्जदार कोण?"

"ही," माझ्या नवऱ्याने माझ्याकडे बोट केलं.

"आणि तुमचं काम काय?"

"सध्या हिचा नवरा."

तो तरुण गोंधळला. "म्हणजे… बेकार लिहू?"

"लिहा. पण काम पूर्ण वेळचं आहे."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. तरुणाने एक कागद माझ्याकडे सरकवला. या माणसाच्या राहण्याखाण्याची, आजारपणाची सगळी जबाबदारी मी घेत आहे, असं त्यावर लिहिलं होतं. मी पेन उचललं, आणि काय झालं कोण जाणे, मला अक्षरंच दिसेनात. एवढ्या महिन्यांचं साचलेलं सगळं नेमकं तिथेच, त्या खिडकीपाशी, घळाघळा वाहायला लागलं.

तो माझ्या कानाशी वाकला. "नीट विचार कर. हे लोक मला परत घेणार नाहीत."

"गप्प उभा राहा," मी डोळे पुसत म्हटलं. "सकाळपासून रांगेत उभं राहून माझे पाय दुखतायत."

आणि मी सही केली.